सबटायटल की डबिंग, आणि परदेशी डीव्हीडी मागवावी का?

सोलापुरात अशोक चौक परिसरात राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजवर त्याने मोबाइलवर, जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स लावून जपानी अ‍ॅनिमेशन म्हणजेच अ‍ॅनिमे पाहिले. आता साठवलेल्या पाच हजार रुपयांतून आवडत्या २६ भागांच्या मालिकेचा डीव्हीडी संच परदेशातून मागवावा, असे त्याच्या मनात आहे. घरी पाचवीत शिकणारी बहीण आहे आणि तेलुगू बोलणारी आजी आहे, त्या दोघींनाही सोबत बसवून मालिका दाखवायची आहे. मित्र मात्र सांगतात की डबिंग पाहणारा खरा चाहता नव्हेच. तेव्हा सबटायटल्स निवडावीत की डबिंग, आणि संच कोणता घ्यावा?

मी सबटायटल्स आणि डबिंगच्या संहिता लिहिण्याचे काम करतो, आणि डिस्क जमवण्याचा नाद मला त्याही आधीपासून आहे. त्यामुळे दोन्ही अंगांनी उत्तर देऊ शकेन. मात्र तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सुटे करायला हवेत. तुम्हाला स्वतःला काय आवडते, हा पहिला. टीव्हीसमोर तुमच्याबरोबर कोण बसणार, हा दुसरा. आणि ज्या डिस्कसाठी तुम्ही पैसे मोजणार त्या डिस्कवर प्रत्यक्षात कोणते ध्वनिपट, म्हणजे कोणत्या भाषांतले आवाज, आहेत, हा तिसरा. मित्रांशी वाद पहिल्यावरून चालतो, पण पैसे वाया जातात ते तिसऱ्याकडे न पाहिल्यामुळे.

म्हणून तिसऱ्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये निघालेल्या अ‍ॅनिमेच्या डीव्हीडी संचावर सामान्यतः जपानी आणि इंग्रजी असे दोन ध्वनिपट आणि इंग्रजी सबटायटल्स असतात. हिंदी, तेलुगू किंवा मराठी त्यावर मिळेल अशी आशा धरू नका. जपानमध्ये निघालेल्या डिस्कवर तर पुष्कळदा इंग्रजीसुद्धा नसते, एका डिस्कवर दोन-तीनच भाग असतात आणि किंमत आपल्या आवाक्याबाहेर असते. याचा अर्थ, आजींना सोबत घेऊन पाहण्याचा तुमचा बेत या संचाने साधणार नाही, मग तुम्ही सबटायटल्सच्या बाजूचे असा की डबिंगच्या. बहिणीचे इंग्रजी कितपत चालते यावर तिचे अवलंबून राहील. हे नीट लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

आता मित्रांच्या म्हणण्याकडे वळू. मूळ जपानी आवाज म्हणजे अस्सल आणि बाकी सारे उसने, असा त्यांचा समज दिसतो. अ‍ॅनिमे कसे तयार होते हे पाहिले की तो समज बराच सैल होतो. जपानमध्येही बहुतेक मालिकांचे आवाज चित्र आधी समोर ठेवून नंतर ध्वनिमुद्रित होतात. पुष्कळदा चित्र त्या वेळी पूर्णही झालेले नसते आणि कच्च्या रेखाटनांकडे पाहत कलाकार संवाद म्हणतात. १९८८ सालचा ‘अकिरा’ हा चित्रपट ज्या कारणांसाठी आजही सांगितला जातो, त्यांपैकी एक हेच की त्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित झाले आणि ओठांची चित्रे त्यावरून काढली गेली. टीव्ही मालिकांमध्ये पात्राचे तोंड बहुधा बंद, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे अशा तीन आकृत्यांवरच चालते. चालत्याबोलत्या माणसांच्या चित्रपटाचे डबिंग लिहिताना, कॅमेरा चेहऱ्याजवळ असला की ओठ मिटणाऱ्या प, ब, म या अक्षरांच्या जागा सांभाळाव्या लागतात आणि त्यापायी चांगली वाक्ये सोडून द्यावी लागतात. अ‍ॅनिमेत ही अडचण जवळपास नसते. तोंड जितका वेळ हलते तितका वेळ वाक्य चालले आणि योग्य जागी थांबले की काम झाले. पात्र पाठमोरे असेल तर तेवढेही बंधन राहत नाही. म्हणजे डबिंगला सर्वांत सोयीचे माध्यम कोणते असेल तर ते हेच आहे, आणि तरीही डबिंग वाईट झाले तर त्याची कारणे ओठांमध्ये शोधू नयेत.

आपल्याकडचा दाखला जुना आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आलेली मोगलीची मालिका मुळात जपानी होती, हे ती पाहत वाढलेल्या कित्येकांना पुढे फार उशिरा कळले. तिचे शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांनी दिले आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. ज्यांच्या कानात तो शेरखान बसला आहे त्यांना जपानी शेरखान ऐकवून पाहा, त्यांना तोच परका वाटेल. तेव्हा खरा चाहता कोण, हा वाद तुम्ही सोडून दिलात तर तुमचे काही बिघडणार नाही.

तरीही जपानी आवाज ऐकायला सांगणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. जपानमध्ये अ‍ॅनिमेचे आवाज हा स्वतंत्र आणि मानाचा व्यवसाय आहे, एकाच भूमिकेत कलाकार दशकानुदशके राहतात. मासाको नोझावा १९८६ पासून ‘ड्रॅगन बॉल’मधील गोकूचा आवाज देत आहेत. आवाजाच्या दिग्दर्शनाला तिथे वेळ आणि माणसे अधिक मिळतात, आणि पुष्कळदा दोन-तीन कलाकार एकाच दालनात उभे राहून एकमेकांना प्रतिसाद देत संवाद म्हणतात. आपल्याकडे बहुधा प्रत्येक कलाकार एकटाच येऊन आपल्या ओळी म्हणून जातो, समोरच्या पात्राचे उत्तर त्याने ऐकलेलेही नसते. भांडणाच्या प्रसंगात हा फरक लगेच कानाला जाणवतो, कारण दोघांचा सूर एकमेकांवर चढत जात नाही, दोघेही आपापल्या जागी ओरडत राहतात.

माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगायचे तर सबटायटल की डबिंग याहून मोठा प्रश्न एकच आहे: भाषांतर कोणत्या भाषेतून झाले? भारतीय भाषांतील पुष्कळ संहिता थेट जपानीतून येत नाहीत, लेखकाच्या हाती इंग्रजी संहिता येते. इंग्रजीत जे गळून पडले ते पुढे हिंदीत किंवा तेलुगूत परत येत नाही, आणि याची सर्वाधिक हळहळ आपल्याला वाटायला हवी, कारण वाक्यरचनेत जपानी भाषा इंग्रजीपेक्षा आपल्या भाषांना जवळची आहे. एक साधे वाक्य घ्या. पात्र जपानीत म्हणते, ‘आइत्सु ओ कोरोशिता नो वा, ओरे दा.’ आधी ‘त्याला मारणारा’ हे येते, मग क्षणभर थांबणे, आणि शेवटी ‘मी’. इंग्रजी सबटायटलमध्ये कर्ता पहिला येत असल्याने तो ‘मी’ पडद्यावर आधीच उमटतो. प्रेक्षक कबुली वाचून मोकळा होतो आणि पात्र अजून वाक्याच्या मध्यावरच असते. मराठीत ‘त्याला मारणारा... मीच’ असे लिहिले की थांबण्याची जागाही तीच राहते आणि धक्काही तिथेच बसतो. तेलुगूतही क्रिया वाक्याच्या शेवटीच येते. मात्र लेखकासमोर फक्त इंग्रजी ओळ असेल, आणि चित्राकडे पाहण्याइतका वेळ त्याला दिलेला नसेल, तर तो ‘मी त्याला मारले’ असेच लिहील.

दुसरी गळती आदराची. जपानी पात्रे समोरच्याशी कोणत्या पायरीवरून बोलतात हे क्रियापदातच दिसते. इंग्रजीत ते सारे एका सर्वनामात सपाट होते. हिंदीच्या लेखकाला मग तू, तुम आणि आप यांतून अंदाजाने निवड करावी लागते. एखाद्या मालिकेचे हिंदी डबिंग कसे आहे हे ठरवायला मी दुसऱ्या-तिसऱ्या भागातील असा प्रसंग काढतो ज्यात विद्यार्थी शिक्षकांशी किंवा कनिष्ठ शिलेदार वरिष्ठाशी बोलतो. एकाच प्रसंगात तो ‘आप’वरून ‘तुम’वर आणि पुन्हा ‘आप’वर येत असेल, तर संहिता घाईत झाली आहे असे समजावे आणि ती मालिका सबटायटल्स लावून पाहावी. ही तपासणी तुम्ही स्वतः पाच मिनिटांत करू शकता, आणि तेलुगूसाठी तीच तपासणी आजी तुमच्यापेक्षा चांगली करतील.

सबटायटल्सची किंमत डोळ्यांना मोजावी लागते. आमच्या कामात साधारण नियम असा की इंग्रजी ओळ ४२ चिन्हांच्या (अक्षरे, विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा धरून) पुढे जाऊ नये, एका वेळी दोनच ओळी असाव्यात आणि प्रौढ वाचकाला सेकंदाला १७ ते २० चिन्हांहून अधिक वाचायला लावू नये. दोन्ही ओळी भरल्या तर ८४ चिन्हे होतात, म्हणजे त्या ओळी किमान चार ते पाच सेकंद पडद्यावर राहायला हव्यात. विनोदी मालिकेत दोन पात्रे एकमेकांचे बोलणे तोडत असतात तेव्हा तेवढा वेळ नसतोच. अशा वेळी आम्ही अर्थ राखून शब्द कमी करतो. म्हणून सबटायटलमध्ये सगळे असते हा समजही खरा नव्हे. इंग्रजी ही शाळेत शिकलेली भाषा असणाऱ्या पाचवीतल्या मुलीला हा वेग झेपणार नाही. ती ओळी वाचत बसेल आणि चित्र निसटेल, किंवा चित्र पाहील आणि दर दोन मिनिटांनी तुम्हाला ‘दादा, काय म्हणाला तो?’ असे विचारील. तिच्यासाठी डबिंग हा कमीपणा मुळीच नाही. सावकाश चालणाऱ्या, शांत, कमी संवादांच्या मालिकेत मात्र तिलाही सबटायटल्स जमतील, आणि वाचनाचा सरावही होईल.

आणखी एक गोष्ट इथल्या परिस्थितीची. शहराच्या पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग चालू असतो अशी घरे कमी नाहीत. शेजारी माग चालू असताना हलक्या आवाजातील संवाद कोणत्याही भाषेत ऐकू येत नाहीत. तिथे डबिंग लावूनही खाली सबटायटल्स ठेवणे शहाणपणाचे. फक्त असे करताना एक विचित्र प्रकार दिसेल: इंग्रजी आवाज एक सांगतो आणि इंग्रजी सबटायटल वेगळेच. त्यात चूक कुणाची नाही. सबटायटल्स जपानी संवादांचे भाषांतर असतात, तर डबिंगची संहिता तोंडाच्या हालचालीला जुळवून वेगळी लिहिलेली असते.

यावरूनच डिस्क घेताना पाहायची पहिली गोष्ट निघते. काही स्वस्त संचांवर जपानी संवादांचे भाषांतर नसतेच, इंग्रजी डबिंगचीच संहिता सबटायटल म्हणून छापलेली असते. जपानी आवाज लावून ती वाचणाऱ्याला आपण मूळ पाहतो आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात तो डबिंगच वाचत असतो. चांगल्या संचावर सबटायटल्सचे निदान दोन पट असतात: एक पूर्ण संवादांचा, आणि दुसरा फक्त पाट्या, चिठ्ठ्या, मोबाइलवरचे निरोप आणि गाणी यांचा. इंग्रजी डबिंग पाहताना हा दुसरा पट लावावा. सबटायटल्स सरसकट बंद केली तर पात्र पत्र वाचून रडते आणि पत्रात काय होते हे तुम्हाला कळत नाही.

दुसरी गोष्ट क्षेत्राची, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याची. डीव्हीडीच्या मागे पृथ्वीगोलाच्या चिन्हात एक आकडा असतो. अमेरिका आणि कॅनडा १, जपान आणि युरोप २, भारत ५. तुमचा प्लेअर फक्त ५ वाचणारा असेल तर अमेरिकेतला संच तो नाकारील. आपल्याकडे विकले गेलेले बरेच स्वस्त प्लेअर सर्व क्षेत्रांच्या डिस्क चालवतात, पण ते गृहीत धरू नका. प्लेअरच्या मागच्या पट्टीवर गोलात ५ आहे की ‘ऑल’ हे पाहा. संगणकाच्या ड्राइव्हवर क्षेत्र बदलता येते, पण फक्त पाच वेळा, त्यानंतर शेवटचे क्षेत्र कायमचे होते. ब्लू-रेची विभागणी निराळी आहे: अमेरिका आणि जपान दोन्ही ए मध्ये, युरोप बी मध्ये आणि भारत सी मध्ये.

युरोपातील डिस्क बहुधा पाल या तिथल्या टीव्हीच्या चित्रपद्धतीच्या असतात. सेकंदाला २४ चित्रांचा मजकूर २५ ने चालवल्यामुळे तो सुमारे चार टक्के वेगाने पळतो. चोवीस मिनिटांचा भाग एका मिनिटाने लवकर संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. पुष्कळांना ते जाणवत नाही. शीर्षकगीत पाठ असलेल्यांना मात्र जाणवते. एनटीएससी या अमेरिकी पद्धतीच्या डिस्क आजच्या टीव्हीवर अडचण न येता दिसतात, तेव्हा निवड असेल तर तीच घ्या.

तिसरी गोष्ट नकली संचांची, आणि पाच हजारांच्या आत शोधणाऱ्याला तेच अधिक दिसतात. ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे साधा हिशेब. २६ भाग म्हणजे सुमारे १० तास २४ मिनिटे. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ गिगाबाइट मावतात, एका थराच्या डिस्कमध्ये ४.७. अधिकृत संचात एका डिस्कवर बहुधा पाच ते सात भाग असतात, म्हणजे तुमच्या मालिकेसाठी चार ते सहा डिस्क. तेच भाग दोन डिस्कवर, म्हणजे एका डिस्कवर १३ बसवले असतील तर चित्र इतके दाबलेले असते की धावपळीच्या प्रसंगात चौकोन फुटतात, आणि काळ्या रंगाच्या जागी राखाडी पट्टे दिसतात. त्यात सबटायटल्स वाचली की खात्रीच होते: पात्रांची नावे दर भागात बदलतात, पुरुषाला स्त्री केलेले असते, आणि म्हणींचे शब्दशः भाषांतर केलेले असते. ‘सर्व क्षेत्रे’ असे लिहिलेला, अगदी स्वस्त आणि कोणत्याही प्रकाशकाचे नाव नसलेला संच दिसला तर तिथे थांबा. मालिका करणाऱ्यांना त्यातून काही मिळत नाही, आणि तुम्हालाही जे मिळते ते मोबाइलवर पाहिलेल्यापेक्षा वाईट असते.

किंमत पाहताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. पेटी दारात आल्यावर कुरिअरवाला शुल्क मागतो तेव्हा स्वस्त वाटलेला संच स्वस्त राहत नाही.

तुमच्या जागी मी काय करीन? आजी आणि बहिणीसाठी डिस्कचा विचार सोडून देईन. काही मालिकांना हिंदी, तमिळ आणि तेलुगू ध्वनिपट असणाऱ्या अधिकृत ऑनलाइन सेवा आता उपलब्ध आहेत. त्यांपैकी एकीचे सदस्यत्व पाच हजारांच्या तुलनेत किरकोळ पडते, आणि ध्वनिपट एका बटणावर बदलता येत असल्याने तेलुगू चांगले आहे की हिंदी, हे घरातल्या घरात ठरवता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा अ‍ॅनिमे चित्रपट भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत चित्रपटगृहांत आला. ज्या शहरात एकाच वाड्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड ऐकू येते तिथल्या घरांना याचा उपयोग मुंबई-पुण्यापेक्षा जास्त आहे, असे मला वाटते. फक्त मालिका निवडताना वयाचा विचार करा. आपल्याला आवडली म्हणून पाचवीतल्या मुलीला दाखवावी अशी प्रत्येक मालिका नसते, आणि रक्तपाताच्या प्रसंगी आजी उठून गेल्या तर तो दोष तेलुगू डबिंगचा मानू नका.

डिस्कचा संच घ्यायचाच असेल तर तो स्वतःसाठी घ्या, आणि अशाच मालिकेचा घ्या जी तुम्ही दोनदा पाहिली आहे आणि तिसऱ्यांदा पाहणार आहात. ऑनलाइन सेवेवरील मालिका हक्काची मुदत संपली की निघून जाते, कधी तिची सबटायटल्स बदलून नवी घातली जातात. डिस्क तुमच्या कपाटात आहे तशीच राहते, आणि तिचे खरे मोल तेच आहे. मात्र कपाट कुठे आहे हेही पाहा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि पत्र्याच्या छताखालचा माळा त्याहूनही तापतो. डिस्क तिथे आडव्या रचून ठेवल्या तर वाकतात. खालच्या कप्प्यात, डब्यात, उभ्या ठेवाव्यात. पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसाव्यात, गोल गोल पुसू नयेत, कारण गोल ओरखडा डिस्क वाचणाऱ्या लेझर किरणाच्या वाटेवरच पडतो.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून पेटीच्या मागच्या बाजूचा आणि एका डिस्कचा असे दोन फोटो मागवा. क्षेत्राचा आकडा, ध्वनिपटांची यादी, डिस्कची संख्या, एकूण मिनिटे आणि प्रकाशकाचे नाव एवढे त्यांतून वाचता आले पाहिजे. फोटो देण्याची टाळाटाळ झाली तर दुसरा विक्रेता शोधा. संच हातात आला की परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येक डिस्क शेवटच्या भागापर्यंत चालवून पाहा, कारण पहिला भाग नीट दिसतो आणि अडखळणे सुरू होते ते बहुधा थर बदलतो तिथे किंवा अगदी शेवटी.